शीर्षक-अक्षरांचा स्वभाव व शाळेतील उपयोग

पनवेल हे मुंबईच्या हार्बर मार्गाचे अखेरचे स्थानक होय. १९९८ साली उपनगरी गाडी येथवर आली, आणि तेव्हापासून तालुक्यातील कितीतरी शिक्षक ह्याच गाडीने शाळेला ये-जा करीत आले आहेत. गाडी फलाटाला लागण्यापूर्वीच पिवळ्या फलकावरील ‘पनवेल’ हे काळ्या अक्षरांतील नाव त्यांच्या नजरेस पडते. गाडी चालती असते, पाहावयास क्षणभराचाच अवधी असतो, तरीही नाव बिनचूक वाचले जाते. हे कशामुळे साधते, ह्याचा विचार मात्र आपण सहसा करीत नाही.

हा विचार शिक्षकाने अवश्य करावयास पाहिजे. कारण फलक रंगविणाऱ्याचे काम शिक्षकही नित्य करीत असतो. वर्गाच्या भिंतीवरील मथळे, तक्त्यांची शीर्षके, हस्तलिखिताचे मुखपृष्ठ, पालकसभेची सूचना, क्रीडामहोत्सवाचा फलक, ह्या सर्वांसाठी तो अक्षरे निवडतो किंवा स्वतः काढतो. आता बहुतेक शाळांतून संगणक वा भ्रमणध्वनी पोहोचला आहे आणि सजावटीची अक्षरवळणे विनामूल्य मिळू लागली आहेत. निवडीचा वाव वाढला, तशी चुकीची शक्यताही वाढली. म्हणून मोठ्या, हाताने रेखाटलेल्या अक्षरांचा स्वभाव कोणता, ती कोठे शोभतात व कोठे घातक ठरतात, ह्याचा थोडक्यात विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. वाचनाचे अक्षर व शीर्षकाचे अक्षर

एकाच घडणीने तयार केलेल्या संपूर्ण अक्षरसंचास ‘अक्षरवळण’ म्हणतात. संगणकावर त्यालाच ‘फॉन्ट’ हे नाव रूढ आहे. अक्षरवळणांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग मजकुराच्या अक्षरांचा. पाठ्यपुस्तकातील धडा, वर्तमानपत्रातील बातमी, पंचांग, पोथी ही सर्व ह्या अक्षरांत छापली जातात. ह्या अक्षराचा मोठा गुण असा की, वाचताना ते जाणवत नाही. वाचकाचे लक्ष अर्थाकडे जाते. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी चौधरी ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाडलेले देवनागरी खिळे ह्याच गुणामुळे नावाजले गेले. संगणकावर मराठी लिहिणाऱ्या बहुतेकांनी पाहिलेले ‘मंगल’ हे वळणही मजकुराचेच आहे. ते र. कृ. जोशी (१९३६-२००८) ह्यांनी तयार केले.

दुसरा वर्ग शीर्षक-अक्षरांचा. ही अक्षरे मोठ्या आकारात, थोड्या शब्दांसाठी व दुरून पाहण्यासाठी काढलेली असतात. त्यांनी लक्ष वेधून घ्यावे, अशीच अपेक्षा असते. नाटकाच्या जाहिरातीतील नाव, दुकानाची पाटी, मासिकाचे मुखपृष्ठ, ह्यांवरील अक्षर मजकूर वाचण्यापूर्वीच त्याचा सूर सांगून जाते. कमल शेडगे (१९३५-२०२०) ह्यांनी मराठी नाटकांची असंख्य शीर्षके हाताने रेखाटली. त्यांत प्रत्येक नाटकाच्या प्रकृतीप्रमाणे अक्षराचे वळण बदलत असे. गंभीर नाटकाचे नाव वाचताना ते गंभीर आहे, हे अक्षराच्या ठेवणीवरूनच प्रेक्षकास उमगत असे.

सभेत घोषणा करणारा मनुष्य व रात्री निजताना गोष्ट सांगणारी आजी, दोघेही मराठीच बोलतात. परंतु घोषणा करणाऱ्याच्या आवाजात तासभर गोष्ट कोणी ऐकणार नाही. ह्या दोन अक्षरवर्गांतील भेद तसाच आहे.

२. हत्याराची खूण

हाताने काढलेल्या अक्षरात ते ज्या हत्याराने काढले त्याची खूण राहते. आपल्या लिपीचे वळण बोरूने घडविले. बोरूचे टोक चपटे व तिरके कापलेले असते. त्याचा काप इंग्रजी अक्षरे लिहिणाऱ्या टाकाच्या उलट दिशेस असतो. हे टोक कागदावर सुमारे ४५ अंशांत तिरके धरून आडवी रेघ ओढली, तर ती जितकी जाड उमटते तितकीच उभी रेघही उमटते. म्हणून शिरोरेषा व अक्षराचा दंड सारख्याच वजनाचे दिसतात. एका तिरक्या दिशेस रेघ केसासारखी बारीक होते आणि दुसऱ्या तिरक्या दिशेस ती सर्वांत जाड होते. देवनागरी अक्षराचे सौंदर्य ह्या जाड-बारीकपणाच्या शिस्तीत आहे.

फलक रंगविणारा कारागीर बोरूऐवजी चपटा कुंचला वापरतो. प्रथम तो दोऱ्यास खडूची वा चुन्याची पूड लावून फलकावर ताणून धरतो आणि दोरा मध्यावर उचलून सोडतो. त्यायोगे सरळ रेषा उमटते. अशी एक रेषा शिरोरेषेसाठी व एक अक्षराच्या पायासाठी आखली, की तो खडूने अक्षरांची जागा ठरवितो व मगच रंग भरतो. कुंचला टेकतो तेथे व उचलला जातो तेथे अक्षराचे टोक तिरके कापल्यासारखे दिसते. ‘न’ची गाठ किंवा ‘व’चे पोट रंगाने बुजू नये म्हणून निष्णात कारागीर ते मुद्दाम मोकळे ठेवतो. हे त्याने पुस्तकातून शिकलेले नसते. बुजलेले अक्षर रस्त्यापलीकडून वाचता येत नाही, हे त्यास अनुभवाने ठाऊक असते.

‘पनवेल’ ह्या नावातील चार अक्षरे ह्या दृष्टीने पाहावीत. ‘प’मधील पोकळीत एक तिरकी रेघ आली की त्याचा ‘ष’ होतो. ‘व’च्या पोटात रेघ आली की ‘ब’ होतो. म्हणून ह्या दोन्ही अक्षरांची पोकळी स्वच्छ राहिली पाहिजे. ‘न’ची ओळख त्याच्या गाठीत आहे. ‘वे’वरील मात्रा शिरोरेषेच्या वर असल्यामुळे तिच्यासाठी फलकाच्या वरच्या बाजूस पुरेशी जागा सोडावी लागते. मराठी वळणाच्या ‘ल’ला उभा दंड नसतो, मधल्या आखूड देठावर त्याच्या दोन पाकळ्या असतात. हिंदी वळणाच्या ‘ल’ला दंड असतो. एवढ्याशा नावात लिपीचे इतके बारकावे साठविलेले आहेत. त्यांतील प्रत्येक जपला गेला, म्हणूनच ते चालत्या गाडीतून वाचता येते.

३. दोन उदाहरणे : ‘यात्रा’ व ‘मोदक’

मुंबईच्या स्थानिक रेल्वेवर हाताने रंगविलेल्या फलकांची जागा आता बहुतांशी यंत्रावर छापलेल्या पाट्यांनी घेतली आहे. परंतु त्या रंगविलेल्या अक्षरांचे वळण अगदीच लोपले असे नाही. कॅथरीन ली श्मिट ह्या अक्षररचनाकार स्त्रीने त्यांच्या आधारे ‘यात्रा वन’ नावाचे अक्षरवळण तयार केले. चपट्या कुंचल्याचा गुण त्यात राखला आहे. अक्षरांची टोके तिरकस कापलेली व गाठी मोकळ्या आहेत. रस्त्याकडेच्या ज्या कारागिरीकडे आपण रोज पाठ फिरवून जातो, तिच्यात अभ्यास करण्याजोगे काही आहे, हे ह्या उदाहरणाने सिद्ध झाले.

दुसरे उदाहरण ‘मोदक’ ह्या वळणाचे. मुंबईच्या ‘एक टाइप’ ह्या अक्षररचना करणाऱ्या संस्थेतील सारंग कुलकर्णी व मैथिली शिंगरे ह्यांनी त्याची देवनागरी अक्षरे तयार केली. त्याच्या जोडीची रोमन अक्षरे नूपुर दाते ह्यांची आहेत. देवनागरी अक्षर किती गुबगुबीत करता येईल, ह्याची सीमा गाठण्याचा हा प्रयत्न होता. आरंभी ही अक्षरे हातानेच रेखाटली व नंतर ती संगणकावर आणली. ह्या अक्षरांतील पोकळी जवळजवळ नाहीशी झाली असून तिच्या जागी केवळ बारीक फटी उरल्या आहेत. सर्व अक्षरांत ह्या फटी नीट राखल्या जाव्यात म्हणून संगणकाची खास मदत घ्यावी लागली. नावाप्रमाणेच ह्या अक्षराचे रूप सारण भरून फुगलेल्या मोदकासारखे, हसरे व खेळकर आहे.

इंग्रजीसाठी लहान-मोठी मिळून बावन्न अक्षरे, अंक व चिन्हे तयार केली की बरेचसे काम होते. देवनागरीत बाराखडी, रफार, उकार व शेकडो जोडाक्षरे ह्यांचा मेळ घालावा लागतो. ‘ष्ट्र’सारखे जोडाक्षर लठ्ठ करूनही ओळखता येईल असे काढणे किती कठीण आहे, हे शिक्षकाने स्वतः खडूने काढून पाहावे. ही दोन्ही वळणे मुक्त परवान्याने विनामूल्य उपलब्ध असल्यामुळे शाळेस ती वापरण्यासाठी शुल्क द्यावे लागत नाही.

दोन्ही वळणे शीर्षकाचीच आहेत. तथापि त्यांचे स्वभाव भिन्न आहेत. ‘यात्रा’ दिशा दाखविते व ठामपणे सांगते. ग्रंथालय, प्रयोगशाळा, पिण्याचे पाणी अशा पाट्यांना तिचा सूर शोभतो. ‘मोदक’ खेळावयास बोलाविते. बालमेळावा, बालआनंद बाजार, गोष्टींचा तास अशा प्रसंगी ते खुलते. शोकसभेची सूचना कोणी ‘मोदक’मध्ये छापली, तर शब्द कितीही गंभीर असले तरी वाचणाऱ्यास ते विचित्रच वाटेल.

४. एक अनुभव

शीर्षक-अक्षराचा अविचाराने केलेला उपयोग लहान मुलास कसा बाधतो, हे मला माझ्याच चुकीवरून कळले. काही वर्षांपूर्वी मी तालुक्यातील एका वाडीवरच्या दोनखोली शाळेत होतो. दुसरीच्या वर्गात फळ्याच्या वर मी स्वतः तांबड्या रंगाने ‘आजचा धडा’ असा मथळा रंगविला होता. अक्षरे जाड व ठसठशीत काढली. शब्द नीटनेटका दिसावा म्हणून पट्टी धरून शिरोरेषा एका दमात ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली. पाहणाऱ्यांनी भिंतीची वाखाणणी केली.

वर्गात घरी कातकरी बोलणारी एक मुलगी होती. रोजचा धडा वहीत उतरविताना ती ‘आजचा घडा’ असे लिही. मी तांबड्या पेन्सिलीने खूण करी व शब्द पाच वेळा लिहावयास सांगे. ती तो लिही, परंतु दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘घडा’च येई. असे पंधरवडाभर चालले. मंद वाचकांच्या यादीत मी तिचे नाव घातले. शेवटी एके दिवशी मी रागे भरलो, तेव्हा तिने काही न बोलता भिंतीकडे बोट दाखविले. मी तिच्या जागी जाऊन बसलो आणि वर पाहिले. ‘ध’चा माथा उघडा असावयास हवा होता, माझ्या अखंड शिरोरेषेने तो झाकला गेला होता. त्याच्या आरंभीचा लहानसा वळसाही जाड रंगात बुजून गेला होता. भिंतीवर ‘घडा’च लिहिलेले होते.

वर्गातील इतर मुले तो शब्द ‘धडा’ असा वाचीत, कारण तो त्यांच्या कानांवरून गेलेला होता. अक्षरे नीट न पाहताही तो त्यांना कळत असे. ज्या मुलीस शब्द परका होता, ती अक्षराच्या एकेका अवयवावरून वाचीत होती. म्हणजे वर्गात खरोखर वाचणारी तीच होती. दुसऱ्याच दिवशी मी शिरोरेषा खरवडून ‘ध’चा माथा मोकळा केला व वर्गासमोर माझी चूक सांगितली. यादीतील नाव खोडले. तिच्या वहीतील तांबड्या खुणा मात्र तशाच राहिल्या.

सरावलेल्या वाचकास शब्दाच्या ओळखीचा व अर्थाच्या अनुरोधाचा आधार असतो. त्यामुळे अक्षर थोडे बिघडले तरी त्याचे अडत नाही. नवशिक्या मुलास तेवढा आधार नसतो. आपल्या शाळांतून अनेक मुले घरी आगरी, कातकरी वा ठाकरी बोली बोलतात, तर काही मुले कामानिमित्त दुसऱ्या राज्यांतून आलेल्या कुटुंबांतील असतात. त्यांना पुस्तकी शब्द अगोदर ठाऊक असतीलच असे नाही. त्यांच्यासाठी अक्षराचा प्रत्येक अवयव स्पष्ट दिसला पाहिजे.

५. शाळेत वापरताना घ्यावयाची दक्षता

(अ) अक्षरओळख शिकविण्यासाठी शीर्षक-अक्षर कधीही वापरू नये. पहिली-दुसरीच्या गिरविण्याच्या पाट्या, अक्षरपट्ट्या व शब्दपत्ते बालभारतीच्या पाठ्यपुस्तकातील वळणासारखेच असावेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला प्रमाणित केली व १० नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयाने ती अद्ययावत केली. तो तक्ता वर्गात लावून ठेवावा, म्हणजे शंका आल्यास पाहता येईल.

(आ) ‘ध’, ‘भ’ व ‘थ’ ह्यांच्या माथ्यावर शिरोरेषा तुटलेली असते. ती जोडली गेल्यास ‘ध’चा ‘घ’, ‘भ’चा ‘म’ व ‘थ’चा ‘य’ होण्याचा धोका असतो. रंगविताना शिरोरेषा अखंड न ओढता अक्षरागणिक ओढावी.

(इ) ‘ख’ हे अक्षर ‘रव’ असे वाचले जाऊ नये, म्हणून त्याचे दोन भाग खाली जोडलेले असावेत. ‘प’ व ‘ष’, ‘व’ व ‘ब’ ह्या जोड्यांत आतील पोकळी स्वच्छ आहे की नाही, ते पाहावे.

(ई) अनुस्वाराचा ठिपका, ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या व उकार हे अक्षराच्या मानाने फार लहान करू नयेत. ‘दिन’ व ‘दीन’ ह्यांत भेद आहे. सजावटीच्या भरात तो नाहीसा होता कामा नये.

(उ) संगणकावरील नवे वळण निवडण्यापूर्वी त्यात ‘ळ’, मराठी वळणाचे ‘ल’ व ‘श’, ‘वाऱ्यावर’ व ‘कुऱ्हाड’ ह्यांतील अर्धा ‘र’, तसेच ‘महाराष्ट्र’, ‘ज्ञान’, ‘विद्यार्थी’ हे शब्द टंकून पाहावेत. जोडाक्षर फुटत असेल तर ते वळण सोडून द्यावे.

(ऊ) शीर्षक-अक्षरात तीन-चार शब्दांहून अधिक लिहू नये. शीर्षकाखालील मजकूर साध्या अक्षरांतच द्यावा. एका फलकावर दोनांहून अधिक वळणे आणू नयेत. सगळेच मोठ्याने बोलू लागले, तर कोणाचेच ऐकू येत नाही.

(ए) फलक पुरा झाल्यावर वर्गातील शेवटच्या रांगेत, मुलाच्या उंचीवर बसून तो वाचावा. मग डोळे अर्धवट मिटून पुन्हा पाहावा. तशा अंधुक नजरेतही अक्षरे एकमेकांपासून वेगळी ओळखू आली, तर काम चांगले झाले असे समजावे. त्यानंतर नुकत्याच वाचावयास लागलेल्या मुलाकडून तो वाचवून घ्यावा. खरा परीक्षक तोच होय.

६. वर्गातील काही उपक्रम

वरच्या इयत्तांतील मुलांसाठी शीर्षक-अक्षर हा उत्तम अभ्यासविषय आहे. अक्षर पक्के झाल्यावर त्याच्याशी खेळावयास हरकत नाही. किंबहुना त्यायोगे मूळ अक्षराची जाण वाढते.

दोन पेन्सिली टोके सारखी ठेवून दोऱ्याने बांधाव्यात व दोन्ही टोके कागदावर एकाच तिरकस रोखाने टेकवून अक्षर काढावे. दोन रेषांमधील अंतर कोठे वाढते व कोठे नाहीसे होते, हे पाहून चपट्या बोरूचे मर्म मुलांना खर्चावाचून समजते. पुढे कळकाच्या कामटीचे टोक तिरके कापून गेरूच्या पाण्याने तीच अक्षरे काढता येतील.

दुसरा उपक्रम गावच्या नावांचा. पनवेल, शिरढोण, कर्नाळा, तळोजे, नेरे, आपटे ही नावे मुलांना द्यावीत. शिरढोण हे वासुदेव बळवंत फडके ह्यांचे जन्मगाव. ते नाव कोणत्या अक्षरात शोभेल? कर्नाळ्याचा किल्ला व तेथील पक्षी ह्यांची आठवण अक्षराच्या ठेवणीतून देता येईल काय? मुले निरनिराळी उत्तरे काढतील. प्रत्येकाने आपण तसे अक्षर का काढले, ते दोन वाक्यांत सांगावे. अट एकच ठेवावी : दुसरीतील मुलास ते नाव वाचता आले पाहिजे.

तिसरा उपक्रम निरीक्षणाचा. एस.टी. स्थानक, बाजारपेठ, मालमोटारींच्या मागील बाजू व खाडीतील होड्या ह्यांवरील रंगविलेली अक्षरे मुलांनी वहीत उतरवून आणावीत. कोणते अक्षर दुरून वाचता आले, कोणते आले नाही व का, ह्याची वर्गात चर्चा करावी. रेल्वेच्या फलकावरील ‘ल’ मराठी वळणाचा आहे की दंडाचा, हे पाहून येण्यास सांगावे. गावात फलक रंगविणारा कारागीर असल्यास त्यास एक तास शाळेत बोलवावे. त्याचा हात चालताना पाहणे, हा मुलांना मोठा पाठ होईल. यंत्रावरील छपाईमुळे ज्याचे काम कमी झाले आहे, त्या कारागिराचा मुलांसमोर सन्मानही होईल.

सुंदर अक्षरांची आवड शिक्षकास असावी व ती त्याने मुलांस लावावी. परंतु भिंत सजविण्यासाठी कुंचला हाती घेतला, की त्या भिंतीखाली बसून पहिल्यांदाच वाचणाऱ्या मुलाची त्याने आठवण ठेवावी. रंग वाळण्यापूर्वी एकदा त्याच्या जागी बसून पाहण्यास पाच मिनिटे पुरतात.